सुधारून वाढवलेली आवृत्ती

परीक्षण लिहिण्याचा मला अनुभव नाही. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकांखाली लाल रेघ ओढण्याचा सराव तेवढा आहे. आणि समीक्षेला याहून वेगळं काही लागतं असं आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांकडे पाहून मला कधी वाटलं नाही. तेव्हा आज धाडस करतो आहे. परीक्षणासाठी आलेली कृती पुस्तक नाही, नाटक नाही, कॉम्प्युटर आहे. तोही जुना आहे. म्हणजे नवाच आहे, पण जुना आहे. थांबा, नीट सांगतो.

गेल्या दिवाळीत चिरंजीव इंग्लंडहून आले. "बाबा, डोळे मिटा," म्हणाले. माझ्या वयाच्या माणसाला डोळे मिटायला सांगून जे पुढ्यात ठेवतात ते बहुधा रक्तदाब मोजायचं यंत्र असतं, म्हणून मी अर्धाच डोळा मिटला. खोक्यातून एक काळी, चपटी, वहीएवढी वस्तू निघाली. रबरी बटणं, उजव्या कोपऱ्यात इंद्रधनुष्याचे चार पट्टे.

"ओळखलंत?"

"कॅल्क्युलेटर," सौ. म्हणाली.

मी ओळखला होता. झेडएक्स स्पेक्ट्रम! क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी १९८२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आणलेला घरगुती कॉम्प्युटर. सोळा केचा १२५ पौंडांना, अठ्ठेचाळीस केचा १७५ पौंडांना. 'के' म्हणजे किलोबाइट. हल्लीच्या मुलांना हे माप सांगावं लागतं, जसं आम्हाला शेर-अदपाव सांगावे लागायचे. अठ्ठेचाळीस के म्हणजे किती? आत्ता तुम्ही वाचताय तो लेख देवनागरीत साठवायचा म्हटलं तर त्याच्या पोटात जेमतेम मावेल, आणि वर तो छापायला जागा शिल्लक राहील की नाही याची मला शंका आहे.

चिरंजीवांनी आणलेला अर्थातच तो नव्हे. ही २०२४ साली निघालेली नक्कल. रूप तेच, पट्टे तेच. आतला जीव मात्र आजचा. टीव्हीला एक वायर लावली की चालू. आत अठ्ठेचाळीस खेळ भरूनच दिलेले. (के गेले, अठ्ठेचाळीस राहिले.) बटण दाबलं की खेळ हजर. मेलात तर काळ थोडा मागे न्यायचा आणि त्याच जागेवरून पुन्हा जगायचं. चिरंजीव ते करून दाखवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मी "वा! वा!" म्हणालो. बापाने तेवढं म्हणावंच. परीक्षकाने म्हणावं की नाही, हा प्रश्न आहे.

आता परीक्षण.

पहिला आक्षेप बटणांना. ती रबरी आहेत. मूळ इंग्रजी स्पेक्ट्रमची रबरीच होती हे मला मान्य आहे. त्या रबरी बटणांवर तिकडे लोक अजून जीव टाकतात. पण आमच्या घरी होता त्याची बटणं कडक होती. १९८४ साली तिकडे कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस निघाला आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स नावाच्या भारतीय कंपनीने परवाना घेऊन तोच इथे 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून विकायला काढला. तो आमच्याकडे आला. म्हणजे ह्या नकलेला बोट लावल्याबरोबर माझ्या ज्या आठवणी जाग्या व्हायच्या, त्या माझ्या नाहीतच! त्या मँचेस्टरमधल्या कुणा मुलाच्या आहेत. ह्या जुन्या कॉम्प्युटरांच्या वेडाबद्दल माझी पहिली तक्रार हीच. गावस्करच्या वयाची आमची माणसं "आहाहा, ते रबरी कीबोर्ड!" म्हणून उसासे टाकतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, अहो, तुम्ही पाहिला होतात का? आपल्याकडे १९८५ साली मध्यमवर्गीय घरात टीव्ही आणि गॅस आला म्हणजे माणूस कृतार्थ व्हायचा. कॉम्प्युटर हा 'आणायचा' पदार्थ नव्हता. तो ऑफिसात, नाहीतर शाळेत, एअरकंडिशन्ड खोलीत असायचा आणि त्याचं दर्शन घ्यायचं असायचं.

आमच्या शाळेत आला तो असाच. केंद्र सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाची योजना काढली आणि देशभरच्या शाळांत ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर पाठवले. आमच्या शाळेची वर्णी लागली. नारळ फुटला. शिवणाच्या बाईंनी मखमली आवरणं शिवली आणि त्यावर मोराचं भरतकाम केलं. दारावर पाटी लागली : 'पादत्राणे बाहेर काढावीत.' किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. बटण दाबलं की तो यंत्रपुरुष आधी जाड आणि मग बारीक आवाजात 'बूऽऽ-बीप' असं म्हणायचा, आणि बाहेर रांगेत अनवाणी उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायची. एका यत्तेच्या वाट्याला आठवड्यातून एक तास, एका मुलाच्या वाट्याला हिशेबाने तीन मिनिटं. त्यात वीज गेली की मुलाची पाळी गेली. त्या मुलांपैकी कुणाला आज जुन्या कॉम्प्युटरची हुरहूर वाटत असेल तर खरी आठवण थंडगार फरशीची असायला हवी. पण थंड फरशीची नक्कल कुणी खोक्यात घालून विकत नाही.

घरचा स्पेक्ट्रम आला १९८७ मध्ये. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा मस्कतला होता. "घरासाठी काहीतरी घे," म्हणून त्याने पैसे पाठवले. सौ.च्या मनात फ्रीज होता. मी स्पेक्ट्रम आणला. पुढचे सहा महिने घरात थंडावा म्हणून जो होता तो फ्रीजशिवायच होता.

या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे स्पेक्ट्रमचे ते सुप्रसिद्ध रंग आमच्या घरी राखेपासून गोवरीपर्यंतच्या छटांत दिसत. शिवाय टीव्ही एकच, आणि १९८७-८८ साली रविवारी सकाळी त्यावर रामायण. वाड्यातली वीस माणसं दाटीवाटीने बसलेली, टीव्हीला हार घातलेला, आणि मी मागे वायर हातात धरून रावण कधी मरतो याची वाट पाहत उभा! बरं, स्वतःची स्मरणशक्ती म्हणाल तर वीज गेली की शून्य. प्रोग्रॅम ठेवायचा तो टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. पुन्हा हवा असला की कॅसेट वाजवायची आणि मशीनने ती ऐकायची. तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगता येणार नाही. आधी एक लांबलचक शीळ, मग कढईत मोहरी तडतडल्यासारखं. पडद्याच्या कडेने पट्टे सळसळतायत. पहिल्यांदा ऐकल्यावर आई देवघरातून धावत आली, "अरे, त्याला काहीतरी होतंय! बंद कर!"

मोठा खेळ असला तर पाच मिनिटं हे चालायचं. टेपचा आवाज इतकाही नको आणि तितकाही नको. त्यासाठी बटणावर सौ.च्या नेलपॉलिशचा ठिपका दिलेला होता. सगळं जुळलं तर ठीक, नाहीतर साडेचार मिनिटं झाल्यावर मशीन शांतपणे लिहायचं : 'आर टेप लोडिंग एरर'. की पुन्हा पहिल्यापासून. दोष मशीनचा नसे, आमच्या टेपरेकॉर्डरचा असे. त्याचं डोकं बारक्या स्क्रूड्रायव्हरने पाव आटा फिरवायला शेजारचे घड्याळवाले काका यायचे. काका आले की चहा आला. चहा आला की काकू आल्या. त्या पाच-पाच मिनिटांत आमच्या खोलीत दोन लग्नं जमली आणि एक मोडलं.

नकलेत हे काहीच नाही. कृतीचा मुख्य दोष मी हाच मानतो. मराठीच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर अनुवाद मुळाबरहुकूम आहे, फक्त मुळातल्या चुका गाळल्या आहेत. आणि मूळ ग्रंथात चुकांखेरीज फारसं काही नव्हतं! खेळ क्षणात हजर होतो. कुणाला हाक मारावी लागत नाही. चिरंजीव दोन तास एकटे खेळले, मी दोन तास एकटा पेपर वाचला.

परीक्षकाने निःपक्षपाती असावं म्हणून उलट बाजूही सांगतो. "ते कॉम्प्युटर खरे दणकट, हल्लीचे तकलादू" हे जे म्हणतात ते मला पटत नाही. त्या दणकट कॉम्प्युटरांत मराठी अक्षर उमटत नव्हतं. शाळेचा निकाल काढायचा तर 'पांडुरंग'ला इंग्रजीत लिहावं लागे. पुण्यात सी-डॅक निघालं १९८८ साली, आणि त्यांच्या जिस्ट कार्डामुळे पीसीवर देवनागरी नीट दिसू लागली, पण ते कार्ड काही मास्तरच्या घरात येणार नव्हतं. आज माझ्या फोनवर मी मराठीत बोलतो आणि तो मराठीत लिहितो. (चुकीचं लिहितो, पण ते माझे विद्यार्थीही करत.) जे जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आणि सोनं म्हणजे अक्षरशः सोनं झालं आहे! १९७६ साली ॲपल-वन नावाचा उघडा सर्किट बोर्ड ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जात होता. असे साधारण दोनशेच बनले. त्यातला एक २०१४ मध्ये लिलावात नऊ लाख पाच हजार डॉलरना गेला. अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड म्युझियमने घेतला. आमच्या शाळेचे मोरवाले कॉम्प्युटर भंगारवाल्याने किलोवर नेले. मोर त्याने परत दिले. तिकडे ह्या वेडाची मजल कुठवर गेली आहे पाहा : जुन्या कॉम्प्युटरचं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं, तर हे लोक त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवतात आणि पुन्हा पांढरं करतात. त्यासाठी चक्क केस उजळवायचं क्रीम वापरतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले गृहस्थ पांढऱ्याचं काळं करतात, तिकडे कॉम्प्युटरच्या पिवळ्याचं पांढरं. ज्याला जे गेलं ते.

माझं म्हणणं असं, की लोक खोकी जपतात आणि आतलं हरवतं. ह्याचं फार मोठं उदाहरण त्याच बीबीसी मायक्रोच्या घरात घडलं. १०८६ साली विल्यम राजाने इंग्लंडची जमीन-गुरांची पाहणी करून 'डूम्सडे बुक' लिहून घेतलं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवं डूम्सडे केलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी, त्यांत शाळांतली पोरं पुष्कळ, आपापल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले. ते सगळं लेझर डिस्कवर घातलं. वाचायला खास प्लेअर आणि खास कॉम्प्युटर. पंधरा वर्षं झाली नाहीत तोच त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली, आणि २००२ च्या सुमाराला लीड्स आणि मिशिगनच्या विद्यापीठांतल्या लोकांना ते वाचवायला एका कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करावं लागलं. कातड्यावर शाईने लिहिलेलं १०८६ चं पुस्तक लंडनच्या सरकारी दफ्तरात आहे. लॅटिन येत असेल तर जा आणि वाचा.

हे मी चिरंजीवांना मोठ्या आवेशात सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, तुमची 'श्री' आहे का अजून?"

ही 'श्री'ची गोष्ट सांगायला हवी. स्पेक्ट्रममध्ये एकवीस चिन्हं आपल्या मनाने बनवता यायची. एक चिन्ह म्हणजे आठ चौकोन आडवे, आठ उभे. कुठला काळा, कुठला पांढरा ते ओळीओळीने सांगायचं, काळ्याला एक आणि पांढऱ्याला शून्य. मी ठरवलं, निकालाच्या वर 'श्री' आलीच पाहिजे. मास्तरच्या घरात आलेखाच्या कागदाला तोटा नाही. आठ बाय आठमध्ये बसवली तर ती किटलीसारखी दिसायला लागली. मग चार चिन्हं जोडून सोळा बाय सोळा केली, तरी श्रीच्या पोटातली गाठ जमेना. तीन रात्री मी खोडतोय. चौथ्या रात्री आई माझ्या खांद्यावरून डोकावली.

"काय रे करतोस?"

मी आपलं शून्य-एकचं तत्त्वज्ञान सांगायला सुरुवात केली. ती दोन वाक्यं ऐकून म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की." आणि स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ घेऊन आली. कागदावर, एका चौकोनात एक, असे दाणे मांडले. सरकवले. एक उचलला, दुसरीकडे ठेवला. दुसऱ्या वेलांटीचा वरचा बाक असा काढला की मी पाहतच राहिलो. चौथी शिकलेली बाई. मी कागद न हलवता एकेक ओळ वाचली आणि मशीनमध्ये घातली : दाणा, एक, रिकामं, शून्य. पडद्यावर करड्या रंगात 'श्री' उमटली. आईने हात जोडले, आणि मग दाणे गोळा करून पुन्हा डब्यात टाकले. उगाच कशाला वाया घालवायचे!

आता ती 'श्री' ठेवायला कॅसेट हवी. रात्रीचे अकरा. कोरी कॅसेट घरात नाही. कपाटात एक होती. ती अण्णांची होती.

त्या काळी परदेशात पत्राऐवजी कॅसेट पाठवायची पद्धत होती. अण्णांनी १९८४ मध्ये दादासाठी एक बाजू भरून बोलून ठेवलं होतं. मस्कतला जाणारे गृहस्थ न्यायला येणार होते, ते आलेच नाहीत. पुढल्या वर्षी अण्णा गेले. दादाला ती द्यायची राहिली. मी विचार केला, सुरुवातीचा दीड-दोन मिनिटांचा भाग तर जाईल, त्यात काय, "आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम" एवढंच असणार. तरी दोनदा रेकॉर्ड केलं, सुरक्षिततेसाठी.

सुरक्षिततेसाठी! एवढ्याच शब्दाखाली मी जन्मभर लाल रेघ ओढत आलो आहे.

तर कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळून डांबर झाला होता. तो बदलून देणारा माणूस शोधायला आठ दिवस गेले. चिरंजीव म्हणाले, सोपं आहे, कॅसेटचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, मी त्याची फाइल करतो; नकली स्पेक्ट्रमला कॅसेट लावायची सोय नसली तरी फाइल चालते. पाठवला. (ह्या बाबतीत नकलेला दहापैकी आठ.)

रविवारी त्यांचा फोन आला. "बाबा, श्री येत नाही. टेपची सुरुवात चुरगळलीय, दोन्ही वेळचं तिथेच आहे. मधले आकडेच गेलेत." बरोबर आहे. शेवटी पडताळा असतो. एक आकडा जुळला नाही तरी मशीन सगळंच नाकारतं. गणिताच्या मास्तराने याबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

"पण त्याच्यापुढे आजोबा आहेत," चिरंजीव म्हणाले. ते आजोबा गेल्यानंतर दोन वर्षांनी शाळेत जायला लागले होते. त्यांनी आवाज लावला. खरखर होती, टेप मध्येच लहरत होती, तरी शब्द न् शब्द कळत होता. वाक्य मधूनच सुरू झालं : "...आणि तिकडे दूध चांगलं मिळतं का? पावडरचं पिऊ नकोस." मग खोकले. मग विहिरीच्या पाण्याबद्दल बरंच बोलले. दादाला ते आता पाठवलं आहे. तो एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आणि त्याला दूध चालत नाही.

काल रात्री मी आलेखाचा कागद काढला, डब्यातून तांदूळ घेतले आणि मांडायला बसलो. आठवेल तशी मांडली, नकलेत घातली. टीव्ही आता मोठा आहे. भिंतभर 'श्री' उमटली. सौ. चष्मा लावून बघत राहिली.

"वेलांटी आईंची नाही," म्हणाली.

मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून तिने दोन दाणे उचलले, एक खाली सरकवला, आणि म्हणाली, "आता घाला बघू."